नात्याचा रकाना

काउंटरपलीकडचा माणूस जामीनदाराचं नाव सांगायला तयार नव्हता.

अर्ज बैलजोडीचा होता. बी-१, खसरा, ऋणपुस्तिका, जमिनीचे सगळे कागद जागच्या जागी. जामीनदारही त्यानं सोबत आणलेला. दाराबाहेर कडुलिंबाखाली उकिडवा बसलेला मला खिडकीतून दिसत होता. मी हिंदीत विचारलं, जामीनदाराचं नाव काय? तो गप्प. पुन्हा विचारलं. त्यानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीची सांध उकरत राहिला. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला तेव्हा म्हणाला, "मैं ओखर नाव नइ लेवंव, साहेब."

छत्तीसगढी मला तेव्हा पुरती येत नव्हती, पण एवढं कळलं. नव्यानं अधिकारी झालेल्या माणसाला जी शंका येते तीच मला आली. हा जामीनदार भाड्याचा आहे आणि याला त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. मी अर्ज बाजूला सारला.

आमचा शिपाई स्टुलावरून उठला, बाहेर जाऊन आला आणि नाव, बापाचं नाव, गाव असं सगळं माझ्या टेबलापाशी येऊन हलक्या आवाजात सांगितलं. म्हणाला, "याला विचारू नका साहेब. दोघं महापरसाद आहेत. तो याचं नाव घेत नाही, हा त्याचं घेत नाही."

माझ्या आजीनं जन्मभर उखाण्याबाहेर आजोबांचं नाव घेतलं नव्हतं. पण दोन पुरुष, तेही दोन वेगळ्या जातींचे, एक साहू आणि एक सतनामी, एकमेकांचं नाव जिभेवर आणत नाहीत, हे माझ्या समजुतीत बसेना. अर्जात एक रकाना होता, 'जामीनदाराशी नाते'. तिथं अर्ज लिहून देणाऱ्यानं 'महापरसाद' असं लिहिलं होतं. मी ते खोडलं आणि वर 'मित्र' असं लिहून सही केली. शिपाई बघत होता. संध्याकाळी शटर ओढताना म्हणाला, "मित्र काय साहेब, चहाच्या टपरीवर पण होतो."

हे १९८९ सालचं. त्याच वर्षी एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेनं सेवाक्षेत्राची पद्धत आणली होती. प्रत्येक ग्रामीण शाखेच्या गळ्यात पंधरा ते पंचवीस गावं बांधायची आणि त्या गावांचं सगळं शेतीकर्ज त्याच शाखेनं बघायचं. आमच्या वाट्याला सतरा गावं आली. भिलाईच्या दक्षिणेला, उतईहून सेलूदवरून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली. मी फील्ड ऑफिसर. खोली भिलाईला, रिसालीत. रोज सकाळी स्कूटरवरून गावाकडं जायचं आणि अंधार पडता पडता परत यायचं. सात वर्षं हेच केलं.

मी आमगावचा. तेव्हा आमगाव भंडारा जिल्ह्यात होतं, गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. आमच्याकडं धान, इकडंही धान. आमच्या मालगुजारी तलावांना मामा तलाव म्हणतात, इकडं दर गावाला चार-पाच तरिया. धान निघायच्या आधी ओलीवर लाखोरी फेकायची आमची रीत, ती इथंही, फक्त नाव उतेरा. तेव्हा मला वाटलं होतं, यात शिकण्यासारखं काही नाही. फरक दिसला तो बियासीत. आम्ही पऱ्हे टाकून रोवणी करणारे. इथले शेतकरी बी फेकून पेरत आणि महिनाभरानं, बांधीत पाणी साचलं की, उभ्या पिकातून नांगर फिरवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस चिडून स्वतःचं पीक मोडतोय. मी स्कूटर थांबवून त्याला हाक मारली. तो इतका हसला की नांगर धरता येईना. पुढं सात वर्षं त्या गावात माझी ओळख 'बियासी रोकइया साहेब' अशीच राहिली. बियासीला पाणी वेळेवर लागतं. ते उशिरा आलं की पुढचं सगळं बिघडतं आणि पीककर्जही बिघडतं. पाणी तांदुळ्याचं. बालोदजवळचं ते धरण १९२१ मध्ये पुरं झालं तेव्हा ते शेतासाठीच होतं. भिलाई उभी राहिल्यावर कारखान्यालाही तिथलं पाणी द्यावं लागलं. कमी पावसाच्या वर्षी वसुलीला गेलं की गावात हाच विषय. मी कारखान्याचा माणूस नाही हे सांगून काही उपयोग नसे. मी भिलाईहून येत होतो, त्यांना तेवढं पुरे होतं.

भिलाई त्या गावांतून दिसायची. दिवसा धूर, आणि रात्री मधूनच अर्धं आभाळ तांबडं व्हायचं. वितळलेला स्लॅग ओतायचे तेव्हाचा तो उजेड. नवख्याला आग लागली असं वाटे. गावातल्या लेकरांना त्याचं काहीच नव्हतं, ती त्या उजेडात गोट्या शोधत. वारा इकडचा असला की भोंगाही ऐकू यायचा. घड्याळ नसलेल्या घरात भोंग्यावर भात शिजत असे.

कारखान्याची गोष्ट भिलाईत एका तऱ्हेनं सांगतात आणि या गावांत दुसऱ्या. भिलाईतली गोष्ट शाळेच्या पुस्तकासारखी. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी, दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज, नंदिनीची चुनखडी, देशभरच्या रेल्वेचे रूळ. सगळं खरं. सेक्टरमधल्या माझ्या शेजाऱ्यांत तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी सगळे, आणि गणपतीत आम्ही मराठी. जो तो म्हणायचा, भिलाई म्हणजे छोटा भारत. या छोट्या भारतात छत्तीसगढचा माणूस सायकलवर दूध किंवा भाजी घेऊन यायचा, त्याला 'देहाती' म्हणायचे. मीही म्हटलं असेल. 'हे लोक कष्टाळू नाहीत' हे वाक्य मी आमच्या मराठी मंडळींत इतक्या वेळा ऐकलं होतं की पहिली दोन वर्षं मला ते कर्जाच्या अहवालात लिहायलाही संकोच वाटला नाही.

गावातली गोष्ट एका म्हाताऱ्या कोटवारानं सांगितली. जमीन घ्यायला सुरुवात झाली तेव्हा सरकार नागपूरचं होतं. मला हिशोब जुळवायला वेळ लागला, पण तो बरोबर बोलत होता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. त्यामुळं मी नागपूरकडचा आहे हे कळल्यावर त्यानं मला जबाबदार धरल्यासारखं सगळं सांगितलं. मोजणीवाले आले, पैसे मिळाले, पैसे संपले. कारखान्यात नोकरी घ्या असं सांगत होते, तर लोक पळत होते. का? भट्टीला माणूस लागतो, अशी बोली होती. पायात माणूस पुरल्याशिवाय एवढी मोठी भट्टी उभी राहत नाही. आमच्याकडं पुलांबद्दल हेच सांगत, म्हणून मला हसू आलं नाही. जे पळाले त्यांच्या पोरांनी नंतर बापाला माफ केलं नाही. जे गेले त्यांची घरं पक्की झाली. एकाच बांधावरचे दोन भाऊ, एक कारखान्यात गेला आणि एक नाही, आणि चाळीस वर्षांनी त्यांच्या अंगणांमध्ये भिंत उभी होती.

इथं 'नोकरी' आणि 'काम' हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. नोकरी म्हणजे कारखान्याची कायम नोकरी. बाकी सगळं काम. ठेकेदाराकडं बारा-बारा तास लोखंड वाहणारा माणूस सांगेल, 'नोकरी नाही, काम करतो.' लंडनचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी १९९३ पासून वर्षानुवर्षं भिलाई आणि भोवतीच्या गावांत येऊन राहिले. त्यांचं 'क्लासेस ऑफ लेबर' हे जाडजूड पुस्तक २०२० मध्ये आलं, ते बरंचसं याच दोन शब्दांवर उभं आहे. ते वाचताना मला जरा राग आला. जे मला रोज काउंटरवर ऐकू येत होतं ते लिहून ठेवायला एक इंग्रज यावा लागला. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई याच जिल्ह्यातल्या गनियारीच्या. त्यांनाही कारखान्यानं नोकरी दिली होती, आणि आमच्या गावांत त्यांच्या पद्मश्रीइतकंच त्या नोकरीचं कौतुक होतं.

बँकेच्या दृष्टीनं नोकरी म्हणजे पगाराची स्लिप. लहान पीककर्जाला नियमानं तारण लागत नसे, पण जामीनदार घ्यायची आमच्याकडं रीत होती, आणि जामीनदार कारखान्यातला असला तर अधिकाऱ्याला झोप लागायची. स्लिप जोडा, पगारातून कापून घ्यायचं संमतीपत्र जोडा, मंजूर. नसेल तर शेतकरी जामीनदार आणि त्याची ऋणपुस्तिका. रकाना भरायचा. सही, नाही तर अंगठा.

त्या पहिल्या वर्षाच्या शेवटी ऑडिटची तयारी करताना मी सगळी हमीपत्रं गावाप्रमाणे लावत होतो. कंटाळा आला म्हणून एका जुन्या लेजरच्या पाठकोऱ्या पानावर सतरा गावांचे सतरा ठिपके काढले आणि कर्जदाराकडून जामीनदाराकडं रेघा ओढायला लागलो. तासाभरात पान भरलं आणि माझा कंटाळा गेला.

भिलाईला लागून असलेल्या चार-पाच गावांतल्या रेघा जवळजवळ सगळ्या एकाच बाजूला, वर, कारखान्याकडं जात होत्या. पाच-सात स्लिपवाले आणि त्यांच्या भोवती पन्नास कर्जदार, पतंग अडकलेल्या बाभळीसारखे. शेजारी शेजाऱ्याला जामीन नव्हता. पाटणकडच्या गावांत चित्रच निराळं. तिथं रेघा गावाबाहेर जात होत्या, दुसऱ्या गावी, तिसऱ्या गावी, आणि जातीबाहेरही. साहूचा जामीनदार सतनामी, कुर्म्याचा केवट, राऊताचा गोंड. मी नातं शोधायला अर्ज काढले. जिथं अशी वाकडी रेघ होती तिथं रकान्यात हमखास महापरसाद, गंगाजल, भोजली, जंवारा, तुलसीदल यांपैकी काहीतरी. आणि निम्म्या ठिकाणी ते खोडून, माझ्या अक्षरात, 'मित्र'.

तेव्हा मी शिपायाला समोर बसवलं आणि नीट विचारलं. हे मला एका वर्षानं सुचलं.

मितान बदणं, असं ते म्हणतात. दोन माणसं, बहुतेक वेळा लहानपणीच, कधी आयाच ठरवतात, कधी यात्रेत, कधी एकसारखं नाव किंवा एकाच दिवसाचा जन्म म्हणून. पुरीच्या जगन्नाथाचा वाळवलेला भात एकमेकांना भरवला की महापरसाद. गंगेचं पाणी दिलं की गंगाजल. भोजली म्हणजे श्रावणात टोपलीत उगवलेले गव्हाचे अंकुर. ते एकमेकांच्या कानावर खोवले की भोजली. त्यानंतर नाव घ्यायचं नाही, त्याच शब्दानं हाक मारायची. मितानाची आई फूलदाई, बाप फूलददा. लग्नात मान, मरणात दशगात्राला हजेरी. सोयरीक मोडते, भाऊ वाटणी मागतो, पण हे मोडत नाही. मोडायची रीतच नाही.

जात यानं पुसली जाते असं मात्र समजू नका. मी तसं समजून भाबडेपणानं एका कार्यक्रमात बोललो तर शिपायानंच मला बाजूला घेतलं. साहू महापरसाद सतनामी महापरसादाच्या घरी गेला तर त्याला शिधा मिळायचा, डाळ-तांदूळ-तूप-लाकडं, आणि तो अंगणात स्वतः शिजवून जेवायचा. त्या गावांत न्हावी सतनाम्याची दाढी करत नव्हता. त्याच गावांत तो शिधा अंगणात मांडला जात होता आणि त्याच दोघांपैकी एक दुसऱ्याच्या कर्जाला अंगठा देत होता. दोन्ही खरं होतं. मला त्याचा एकच अर्थ लावता आला नाही आणि मी आता तो प्रयत्न सोडला आहे.

बायकांच्याही मितानिनी असत, घट्ट. पण जमीन बाईच्या नावावर नाही म्हणून बाई जामीनदार नाही. माझ्या पाठकोऱ्या नकाशात सतरा गावांत मिळून दोन बायका होत्या, दोन्ही विधवा.

मी नकाशावर विश्वास ठेवायला लागलो. रकान्यात आता खोडाखोड करत नव्हतो; जे सांगतील ते लिहायचो. स्लिपवाल्या जामीनदारांची उलट छाननी सुरू केली, कारण एकाच स्लिपच्या झेरॉक्स तीन-तीन शाखांत फिरत असल्याचं दिसायला लागलं होतं. शिवाय नोकऱ्याच आटत होत्या. एकेकाळी कारखान्यात साठ हजारांच्या घरात कायम माणसं होती. पोलाद वाढत गेलं आणि माणसं कमी होत होत आज निम्म्याच्याही खूप खाली आली आहेत. बाप निवृत्त झाला की स्लिप संपली, आणि मुलगा ठेकेदाराकडं. त्या मुलांना कुणी जामीन राहायला सांगत नव्हतं. कामगार नेते शंकर गुहा नियोगी त्यांच्यासाठी लढत होते. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत त्यांचा खून झाला. त्या दिवशी आमच्या शाखेत दुपारपर्यंत एकही माणूस आला नाही. जे जाऊ शकत होते ते दल्ली-राजहऱ्याच्या वाटेला लागले होते. पुढच्या वर्षी १ जुलैला पॉवर हाउस स्टेशनवर कामगारांवर गोळीबार झाला. मी त्या वेळी रिसालीत खोलीवर होतो. एवढंच मला स्वतःचं म्हणून सांगता येईल.

मितानांच्या हमीचा पहिला मोठा दाखला मिळाला तो एका मरणामुळं. पंपाचं कर्ज असलेला एक कर्जदार साप चावून गेला. वसुलीचं काय करावं म्हणून मी फाइल काढून बसलो होतो, तोच जामीनदार आला. डोकं भादरलेलं. दशगात्र करून थेट बँकेत. मला वाटलं, मुदत मागायला आला असेल. त्यानं धोतराच्या सोग्यातून पैसे काढले, हप्त्याएवढे, आणि विचारलं, "अजून किती हप्ते आहेत, ते एका कागदावर लिहून द्या." मी नोटीस पाठवली नव्हती. मुलगा सज्ञान होईपर्यंत तो हप्ते भरत राहिला. एकदा उशीर झाला तर निरोप पाठवला.

ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. ट्रेनिंग कॉलेजात सांगितली, टाळ्या मिळाल्या. दुसरी गोष्ट सांगितली नाही, ती अशी.

१९९० ची कर्जमाफी आली होती, दहा हजारांपर्यंतची. ज्यांनी वेळेवर भरलं होतं त्यांना काहीच मिळालं नाही, आणि गावानं त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. पुढची दोन वर्षं वसुली रखडली. रीजनल ऑफिसचं दर आठवड्याला पत्र. एक कर्जदार बैलजोडी विकून बायकोमुलांसह उत्तर प्रदेशात वीटभट्टीवर निघून गेला, 'कमाए-खाए बर' म्हणतात तसा. घराला काटेरी झुडूप लावून गेलेला. त्याचा जामीनदार होता त्याचा गंगाजल, दुसऱ्या गावचा, दीड एकरवाला केवट. रीत अशी की कर्ज आधी कर्जदाराकडं मागायचं. मला मार्चअखेर गाठायची होती. मी त्या केवटाच्या घरी गेलो, एकदा नाही, पाचदा. चार लोकांत, तरियाच्या पचरीवर, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर, तो आंघोळ करत असताना मी त्याला विचारलं, "तुमचा गंगाजल पळाला, आता काय?" मला ठाऊक होतं की हे चार लोकांत बोललं की तो देईल. जप्तीच्या धाकानं नाही, त्या शब्दामुळं. मी तो शब्द मुद्दाम वापरला.

त्यानं बायकोच्या पायातले चांदीचे तोडे विकून पैसे भरले. पावती घेतली, घडी केली, मला जोहार केला आणि गेला. त्याच्या मुलानं, तो सोळा-सतराचा असेल, मला रस्त्यात अडवून एकच सांगितलं: "बाबांनी तुमच्या कागदावर अंगठा दिला होता. गंगाजल तुमच्या बँकेत बदला नव्हता."

मार्चअखेरचा आकडा पुरा झाला. रीजनल ऑफिसकडून शाबासकीचं पत्र आलं, ते माझ्याकडं अजून आहे.

मग मी काय करत होतो? मितानाला रकान्यात लिहून मी त्याला मान दिला असं मला वाटत होतं. खरं तर मी त्याला तारण केलं होतं. जमीन गहाण ठेवता येते, दागिना ठेवता येतो. मी त्यांची लाज गहाण ठेवून घेत होतो, आणि ती जमिनीपेक्षा पक्की निघाली. 'मित्र' लिहून सोडून दिलं असतं तर निदान एवढं झालं नसतं. छत्तीसगढ राज्य झाल्यावर, २००२ मध्ये, सरकारनं गावपातळीच्या आरोग्यसेविकांची योजना काढली आणि तिला नाव दिलं 'मितानिन'. देशभरच्या आशा कार्यकर्त्या आल्या त्या नंतर, २००५ मध्ये. योजना चांगली चालली, मी स्वतः पाहिली आहे. तरी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, आता हा शब्द सरकारी रकान्यातही गेला.

मी शाखेत असतानाच ऑडिट व्हायचं ते झालंच. तपासणी अधिकारी दोन दिवस राहिले, तिसऱ्या दिवशी शेरा: 'जामीनदार परगावचे, परजातीचे, उत्पन्नाचा पुरावा अपुरा, नात्याच्या रकान्यात आक्षेपार्ह व अर्थहीन नोंदी.' माझ्याकडं खुलासा मागितला. मी चार पानं लिहिली, मितान म्हणजे काय ते समजावलं, थकबाकीचे आकडे जोडले. स्लिपवाल्या हमीची थकबाकी मितानांच्या हमीपेक्षा जास्त होती, ते दाखवलं. उत्तर आलं एका ओळीचं, 'खुलासा समाधानकारक नाही.' एक वेतनवाढ पुढं ढकलली गेली. शाखेत हे कळल्यावर शिपाई म्हणाला, "आता तुम्ही पण थकीत."

१९९६ मध्ये बदलीचा हुकूम आला, भंडाऱ्याकडं. सामान काय, दोन ट्रंका आणि स्कूटर. निरोपाच्या आदल्या दिवशी शिपाई म्हणाला, घरी या, आईनं बोलावलंय. त्याचं घर शाखेच्याच गावात, तरियाच्या पारावर. बापाची तीन एकर जमीन कारखान्यात गेलेली. बाप 'पळाला' त्यांपैकी. अंगणात शेण सारवलेलं, चौक काढलेला. म्हातारीनं मला पाटावर बसवलं, समोर त्याला. नारळ फोडला. एका कागदाच्या पुडीत दहा-बारा वाळलेले भाताचे दाणे होते. शेजारचं कुणी पुरीला जाऊन आलं होतं त्यांच्याकडून आणून तिनं ते कधीपासून जपून ठेवले होते. मी म्हटलं, आई, मी जातोय, आता कशाला? ती म्हणाली ते मला पुरतं कळलं नाही आणि तो भाषांतर करून सांगायला तयार नव्हता. कारण त्याच्या तोंडात दाणे होते.

त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो. माझ्या आईच्या तेराव्याला तो दुर्गहून रात्रीच्या गाडीनं आमगावला आला, डोकं भादरून. केवटाच्या घरी मात्र मी परत गेलो नाही. २०१९ मध्ये एका लग्नासाठी पाटणला गेलो होतो तेव्हा त्या गावावरून गाडी गेली. तरियाची पचरी आता सिमेंटची आहे. गाडी थांबवायला सांगावं असं वाटलं, सांगितलं नाही.

बँकेच्या जुन्या हजेरीपटावर त्या शिपायाचं नाव आहे. या लेखात ते कुठं आलेलं नाही. मला ते घेता येत नाही.